मागे सातशे, पुढे हजार

आमच्या कॅनडातल्या गँडरहून आयर्लंडचं शॅनन किती लांब, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "जायचंय की यायचंय?" लोकांना वाटतं, बाई तिरसट आहे. आहेच मी तिरसट. पण त्यांचा प्रश्नही अर्धाच असतो. मैल मोजले तर सतराशे, जाताना तेवढेच आणि येतानाही तेवढेच. पण अटलांटिकवरचा आमचा वारा जवळजवळ रोज आयर्लंडच्या दिशेने वाहतो. लहान विमानाला तो जाताना पाठीवर हात ठेवून पुढे लोटतो आणि येताना छातीवर हात ठेवून अडवतो. जायला साडेनऊ तास, यायला चौदा. नकाशावर रेघ एकच दिसते, म्हणून तिच्यावर विसंबू नये, एवढंच माझं म्हणणं.

हे मला नोकरीमुळे ठाऊक होतं, पण नुसतं डोक्याला ठाऊक होतं. ज्या दिवशी ते पोटात उतरलं त्या दिवसाची ही गोष्ट.

मी गँडरच्या रेडिओ केंद्रात होते. समुद्रावरून जाणाऱ्या विमानांशी बोलायचं, ती कुठवर आलीत ते विचारून घ्यायचं, नियंत्रकांचा निरोप त्यांना द्यायचा आणि त्यांचा यांना. आपलं स्वतःचं काही बोलायचं नाही. पोस्टमन दुसऱ्याच्या पत्रात आपली ओळ घालत नाही, तसं. आणि माझा नवरा सेल्बी लहान विमानं समुद्रापार पोचवायचा. विमान बनतं कॅन्ससमध्ये, विकत घेणारा असतो जर्मनीत, मध्ये समुद्र, आणि तो ओलांडायला कुणीतरी वेडा लागतो. तो वेडा माझ्या पदरी पडला होता. एका इंजिनाचं, चार माणसांचं विमान. मागच्या खुर्च्या काढून तिथे पेट्रोलची जादा टाकी बसवायची, ती इतकी जवळ की पाठीला टेकते. दिवसभर पेट्रोलचा वास, खाली गारठलेला समुद्र, आणि शौचालयाच्या नावाने एक बाटली. असा तो दोनशेच्या वर वेळा गेला. येताना मात्र मोठ्या विमानातून, पाय पसरून, फुकटची कोंबडी खात यायचा.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याच्याच धंद्यातला एकजण वाटेत बिघाड झाला असताना हट्टाने पुढे गेला, तो गेलाच. त्या आठवड्यात मी सेल्बीला स्वयंपाकघरात बसवलं, त्याच्या आईचं बायबल पुढ्यात ठेवलं आणि शपथ घ्यायला लावली. अर्ध्या अंतराच्या आत काहीही बिनसलं तर डोकं चालवायचं नाही, मागे फिरायचं. तेव्हापासून तो निघताना दारात बूट चढवायला लागला की मी विचारायचे, "अर्ध्याच्या आत?" आणि तो पाढे म्हणणाऱ्या पोरासारखा म्हणायचा, "मागे, मेल. घरी." मेल म्हणजे मी, मेल्विना. माझी दुसरी भुणभुण अशी की जे काय तपासायचं ते घर जवळ आहे तोवर तपासून घे. समुद्राच्या मध्यावर कळून काय उपयोग?

ऑक्टोबरातल्या एका सकाळी तो निघाला. पिठाचे तळलेले चार गोळे काकवीत बुडवून खाल्ले. कॉफीला हात लावला नाही, कारण बाटली एकच. दारात पाढा म्हणून झाला. मी भांडी विसळली आणि कामावर गेले.

उन्हं बरीच वर आली होती तेव्हा मर्डोचा आवाज आला. कॅप्टन मर्डो स्कॉटलंडच्या बेटांवरचा, मोठं प्रवासी विमान घेऊन युरोपातून आमच्याकडे यायचा. तोंड कधी पाहिलेलं नाही, पण आवाज ओळखीचा झालेला. सेल्बीच्या विमानांतला लांब पल्ल्याचा रेडिओ म्हणजे एक वायर आणि देवाची कृपा, त्यामुळे चार तासांनंतर त्याचा आवाज आमच्यापर्यंत यायचाच नाही. अशा वेळी वरून जाणारं मोठं विमान खालच्या लहानाचं ऐकतं आणि आम्हाला सांगतं. समुद्रावरची ही रीतच आहे. कुणी कुणाचे आभार मानत बसत नाही.

"गँडर, मी मर्डो. खाली एक लहान विमान आहे, त्याचा निरोप देतोय. त्याची मागची टाकी संपलीय. तो उलटा फिरलाय, तुमच्याकडे परत येतोय."

"संपली?" मी म्हटलं. "ती टाकी सात तास पुरते. आत्ता कुठे चार तास झालेत. नीट विचारा त्याला."

मध्ये खरखर. मग मर्डो पुन्हा. "तो म्हणतो, डावी टाकी भरलेली असताना मागची उघडली. चालते का बघायला उघडली, आणि मग रेडिओशी खटपट करण्यात बंद करायची राहून गेली. पुढे म्हणतो, मेल्विना तिथे असेल तर तिला कळेल."

मेल्विना तिथे होती आणि तिला कळलं. या विमानांचं इंजिन टाकीतून गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओढतं आणि उरलेलं परत पाठवतं. परत पाठवतं ते नेहमी डाव्या पंखातल्या टाकीत, ओढलं कुठूनही असो. म्हणून आधी दीड-दोन तास डाव्या टाकीवर उडायचं, तिथे जागा करायची, मगच मागची उघडायची. डावी तुडुंब असताना मागची उघडली तर परत आलेलं पेट्रोल जाणार कुठे? पंखाच्या भोकातून सरळ समुद्रात. वैमानिकाला काही दिसत नाही, इंजिन छान चालत राहतं. विमान पोचवणाऱ्यांशिवाय ही चूक कुणाच्या हातून होत नाही, कारण बाकी कुणी पाठीला टाकी बांधून उडत नाही. आणि सेल्बीने ती केली होती घर जवळ असताना टाकी तपासून घ्यावी म्हणून. ज्या सावधपणाचे मी इतकी वर्षं पाढे घोकून घेतले, त्या सावधपणापायी.

"किती उरलंय विचारा."

"दोन्ही पंखांतलं भरलेलं आहे. सव्वापाच तास."

"आहे कुठे?"

"तुमच्यापासून सातशे वीस मैल. शॅनन नऊशे नव्वद. तो म्हणतो, अर्ध्याच्या आत आहे, शपथ पाळतोय, असं तिला सांगा."

खरं सांगते, पहिल्यांदा मला हायसं वाटलं. शहाणा माझा, म्हटलं. सातशे कुठे आणि हजार कुठे. मग हात आपोआप हिशेबाकडे गेला, कारण तो आयुष्यभराचा चाळा आहे. विमानाचा वेग ताशी दीडशे. समोरून वारा तीसचा. म्हणजे परतीला एकशेवीस. सातशे वीस मैलांना सहा तास. आणि पेट्रोल सव्वापाच तासांचं.

मी पुन्हा केलं. पुन्हा सहाच आले. पुढे जायचं म्हटलं तर तीसचा वारा पाठीशी, ताशी एकशेऐंशी, साडेपाच तास. तेही कमीच. मागे गेला तर नव्वद मैल अलीकडे पडणार, पुढे गेला तर पंचेचाळीस. ऑक्टोबरात आमच्या पाण्यात माणूस किती वेळ टिकतो हे गँडरमध्ये शाळकरी पोरंही सांगतील. मी ते सांगणार नाही.

गार्लंड माझ्यामागे येऊन उभा होता. आमच्या पाळीचा प्रमुख. नियमांचं पुस्तक उशाला घेऊन झोपणारा, पण मनाने मऊ. त्याने सगळं ऐकलं होतं. तो वेधशाळेच्या खोलीकडे धावला. गार्लंडला धावताना मी त्याआधी फक्त एकदा पाहिलं होतं, अस्वल कचऱ्याच्या पिंपापाशी आलं होतं तेव्हा. परत आला तो वाऱ्याचा नवा नकाशा घेऊन, नुकताच यंत्रातून निघालेला.

"वादळाचा पट्टा खोल झालाय," तो म्हणाला. "सेल्बी निघाला तेव्हाचं सगळं शिळं झालं. बारा हजार फुटांवर पुढे पन्नासचा वारा आहे. आणि इकडे, त्याच्या मागच्या बाजूलाही, पंचेचाळीस."

दोघांनी एकाच वेळी हिशेब केला. परतीला आता एकशेपाचचा वेग. जवळजवळ सात तास. पुढे दोनशेचा वेग. पाच तासांना थोडे कमी.

"पाच," गार्लंड म्हणाला.

"सव्वापाचात पाच," मी म्हटलं.

मागचे सातशे मैल लांब होते आणि पुढचे हजार जवळ. आणि माझा नवरा त्या क्षणी माझ्याकडे येत होता. दर मिनिटाला मैल दोन मैल घराच्या जवळ, आणि दर मिनिटाला जगण्यापासून दूर.

मी मर्डोला वाऱ्याचे आकडे दिले. सावकाश, दोनदा. बारा हजार फूट, पन्नास, शॅननपर्यंत पाच तास. मागे सात. यात माझं काही नव्हतं, सगळं नियमात बसणारं. मग वाट बघितली.

"गँडर," मर्डो म्हणाला, "त्याला आकडे मिळाले. आभारी आहे म्हणतो. तो मागेच येतोय."

"काय?"

"मागेच येतोय."

मी गार्लंडकडे बघितलं. "गणित येत नाही का याला?"

"सगळं येतं त्याला. शपथेवर अडलाय. तुझीच शपथ ना?" गार्लंडने माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "मेल्विना, ऊठ. मी बसतो इथे."

"तू बसून काय सांगणार?"

"आकडे पुन्हा सांगेन. त्यापुढे आपला अधिकार नाही. विमान त्याचं, निर्णय त्याचा. पुढे जा म्हणालीस आणि नकाशा चुकला, तर ते तुझ्यावर येईल. नोकरीचं नाही म्हणत मी. जन्मभराचं म्हणतोय."

"आणि काही म्हटलं नाही तर?"

"तर दोष समुद्रावर जाईल."

"समुद्राला काय जातंय, गार्लंड? त्याला कुणाच्या उष्ट्या बशा उचलायच्यात?" मी म्हटलं. "हात काढ खुर्चीवरून."

त्याने हात काढला. मी बटण दाबलं. आवाज बरा निघाला, याचं मला अजून नवल वाटतं.

"मर्डो, त्याला हे जसंच्या तसं सांगा. मेल्विना म्हणते, मागे येऊ नकोस. पुढे जा."

वरून मर्डोने विचारलं.

"गँडर, हा नियंत्रकांचा आदेश समजू का?"

"नाही. बायकोचा."

"म्हणजे त्याहून वरचा," मर्डो म्हणाला आणि माझ्यासाठी ते शब्द खाली घेऊन गेला.

वाट बघताना मी पेन्सिल धरली होती. गार्लंडने ती माझ्या बोटांतून सोडवून घेतली, कारण मी टोक तळव्यात रुतवत होते.

"गँडर, माफ करा," मर्डो परत आला. तो संकोचला होता. "तो म्हणतो, ही मेल्विना नाहीच. मेल्विनाने उभ्या जन्मात त्याला पुढे जा म्हटलेलं नाही. तिला घरी पाठवून तुम्ही दुसरीच कुणी बसवलीय, आणि तिच्या नावाने बोलताय. तो म्हणतो, माझ्या बायकोच्या तोंडी भलते शब्द घालू नका."

मला एकाच वेळी रडू आणि चीड आली, पण चीड पुढे होती. मी त्या माणसाला जगवायला बघत होते आणि तो तिकडे माझी बाजू घेऊन माझ्याशीच भांडत होता! आणि भांडता भांडता घराकडे येत होता. दर मिनिटाला मिनिटाचं पेट्रोल जात होतं आणि वर जवळजवळ दोन मैल पुन्हा कापायचे वाढत होते.

"खूण काय हवीय विचारा."

"तो म्हणतो, जे फक्त तिलाच ठाऊक आहे असं काहीतरी."

दोन खंडांतली रेडिओ केंद्रं आणि हवेत असलेली सगळी विमानं हे ऐकत असतात. आमच्या रेडिओलहरीवर कुणीही कान लावतो. पण लाजायला वेळ नव्हता.

"त्याला सांगा," मी म्हटलं, "की चर्चमध्ये लग्नाच्या वेळी तू बेशुद्ध पडलास तो उन्हाने नव्हे. आदल्या रात्री माझ्या भावांनी पाजलेल्या रमनेही नव्हे. पाद्रीबाबांनी 'मरेपर्यंत' असं म्हटलं, तेव्हा तू पडलास. मी तुला धरलं म्हणून डोकं फुटलं नाही. आणि शुद्धीवर येताना मला 'आई' म्हणालास. हे तुझ्या आईला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आणि सेल्बी, आता या क्षणाला विमान वळवलं नाहीस, तर तुझ्या सगळ्या बहिणींना फोन करून सांगते. मोठीपासून सुरुवात करते."

मर्डोने हे एकेक शब्द, अगदी प्रार्थना वाचावी तसं गंभीरपणे खाली सांगितलं असणार. तो तसाच माणूस होता. गार्लंड भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. हसत होता की दुसरं काही, मी विचारलं नाही.

मग मर्डोचा आवाज आला. "वळला. गँडर, तो वळला. बारा हजारांवर चढतोय. म्हणतो, हे सगळ्यांदेखत सांगायची काही गरज नव्हती."

आणि कुठून तरी, कुठल्या विमानातून देव जाणे, एक अनोळखी आवाज म्हणाला, "होती हो, होती."

त्या क्षणी जे जे हसले त्या सगळ्यांना देव बरं ठेवो. मी हसले नाही. मी हिशेब करत होते. तो उलट दिशेला दहा मिनिटं उडाला होता. दहा मिनिटांचं पेट्रोल कमी, अठरा मैल जास्त. उरले होते पाच तास आणि पाच मिनिटं. लागणार होते पाच तास आणि दोन-चार मिनिटं. गार्लंडने माझं गणित तपासलं आणि पट्टी टेबलावर ठेवून दिली.

"इंजिनाला उपाशी ठेव म्हणावं," मी मर्डोला सांगितलं. "जेवढं कमी पाजता येईल तेवढं. तापलं तर तापू दे. आणि उंची सोडू नकोस. इंजिन बंद पडलं तरी बारा हजारांवरून तरंगत दहा-बारा मैल जाता येतं."

"सांगितलं. तो म्हणतो, आता खात्री पटली. ही मेल्विनाच आहे."

थोड्या वेळाने मर्डोच्या कानांपलीकडे तो गेला. "मागून येणाऱ्यांना सांगून ठेवलंय," तो म्हणाला. "एकजण त्याच्यावर कान ठेवून राहील. तुम्ही जेवून घ्या, बाई."

जेवते कसली. गार्लंडने वाटाण्याचं सूप आणून ठेवलं, त्यावर साय धरली. आणि कामही काही थांबत नाही. न्यूयॉर्कच्या विमानाला उंची बदलून हवी होती, लंडनचं विमान आपण कुठवर आलो ते सांगत होतं, मी सगळ्यांना नेहमीच्या आवाजात उत्तरं देत होते. मधूनच कुणीतरी आपलं सांगून झालं की हळूच पुस्ती जोडायचं. "तुमचा माणूस ऐकू आला, गँडर. ठीक आहे." एक पोर्तुगीज म्हणाला, "तो गातोय. फार वाईट गातो." एका बाईने सांगितलं, "अर्धं मागे पडलं म्हणतो." ओळख ना पाळख, पण सगळा समुद्र त्या एका इंजिनावर कान ठेवून बसला होता.

मला मात्र वेगळंच पोखरत होतं. तो वारा मी बघितला नव्हता. कागद बघितला होता. वेधशाळेतली माणसं चांगली आहेत, पण त्यांचा पाऊस आमच्या चर्चच्या जत्रेत दर वर्षी चुकतो. मागे आला असता तर काय झालं असतं ते मला ठाऊक होतं, गणिताने ठाऊक होतं, तरी मन म्हणत होतं, तो घराकडे येत होता आणि तू त्याला हाकललंस. बुडाला तर बायकोच्या शब्दाने बुडाला असं होईल. लोक तसं म्हणणार नाहीत. मी म्हणेन, रोज, भांडी विसळताना.

पाळी संपली. मी उठले नाही, आणि पुढच्या पाळीचा माणूस बाजूची खुर्ची ओढून तिथे बसला. आता सेल्बी आयर्लंडच्या हद्दीत होता, त्याचं तिकडच्या केंद्राशी बोलणं सुरू झालं असणार. आमच्याकडे येणार ते फक्त शॅननचे निरोप. पहिला आला: आवाज ऐकू येतोय, किनारा शंभर मैल. दुसरा: चाळीस मैल. वारा नकाशात होता तसा मिळाला. मी सूप जवळ ओढलं.

तिसरा निरोप गार्लंडने घेतला. त्याने तो वाचला आणि लगेच मला दिला नाही. मी त्याच्या हातातून ओढून घेतला. इंजिन बंद पडलं असं म्हणाला, किनारा अकरा मैल, त्यानंतर आवाज नाही.

अकरा. मीच म्हटलं होतं, दहा-बारा मैल तरंगत जाता येतं. दहा आणि बारा यांच्यामध्ये केवढं पाणी मावतं हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी गार्लंडला विचारलं, "समोरून वारा की पाठून?" तो म्हणाला, "पाठून, मेल्विना. पाठूनच." बाजूच्या खुर्चीवरचा माणूस विमानांना उत्तरं देत होता ती कुजबुजत. मी प्रार्थना केली नाही. मला प्रार्थनेचे शब्द आठवेनात, नुसते वाऱ्याचे आकडे आठवत होते.

फोन वाजला तेव्हा बाहेर ऊन कलतं झालं होतं. गार्लंडने उचलला, ऐकलं, आणि माझ्या कानाला लावला.

"मेल," सेल्बी म्हणाला. "ओहोटी होती. वाळू कडक होती. विमानाला ओरखडा नाही. इथल्या एका म्हातारीने मला घरात घेतलंय, अंडी तळतेय. तिला मी काही बोललेलं कळत नाही आणि मला तिचं."

मला जे जे बोलायचं होतं ते सगळं एकदम घशात आलं, त्यातलं शिव्यांचं आधी बाहेर पडलं. "गाढवा! दहा मिनिटं! अकरा मैलांवर इंजिन बंद पडलं ते त्या दहा मिनिटांनी! शपथ म्हणे! शपथ माणूस जगावा म्हणून घ्यायची असते. तुला साधा भागाकार येत नाही?"

"येतो की."

"मग?"

"तुझ्याआधी केला होता मी. मर्डोला हाक मारायच्या आधीच. मागे सहा, पुढे साडेपाच, पेट्रोल सव्वापाच. दोन्हीकडे पाणीच होतं, मेल."

"आणि नवा वारा दिला त्यानंतर?"

"कागदावरचा वारा. पाव तासाच्या भरवशावर." तिकडे कढईत काहीतरी चरचरत होतं. "मला वाटलं, तेही पुरणार नाही. मग त्या बाजूला कशाला पडू? मला तिकडे कोण ओळखतं? इकडे आपल्या बोटी असतात, आपली माणसं असतात. कधी ना कधी जाळ्यात सापडलो असतो. तुला आणून दिलं असतं."

त्याचे वडील सीलच्या शिकारीला गेले ते परत आले नाहीत. आमच्या चर्चमागे त्यांच्या नावाचा दगड आहे, आणि दगडाखाली कुणी नाही. त्या दगडापाशी बसून सेल्बीच्या आईने पस्तीस वर्षं काढली. दर रविवारी ती तिथे जायची आणि परत येताना म्हणायची, कुणाशी बोलून आले कोण जाणे. हे मला माहीत होतं. आमच्या गावात असे दगड पुष्कळ आहेत, त्यामुळे त्याबद्दल कुणी बोलत नाही.

"दुसरीच कुणी बसवलीय म्हणालास," मी म्हटलं. आवाज आता बरा नव्हता. "ती मीच आहे हे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं."

"तुझा आवाज नव्हता तो, मर्डोचा होता. पण ठाऊक होतं."

"म्हणजे तू मरायला निघाला होतास, सेल्बी?"

"मरायला नव्हे गं," तो म्हणाला. "घरी निघालो होतो."

मी फोन ठेवला नाही. तिकडे म्हातारी त्याला जेवायला हाका मारत होती.